तिकडच्या युद्धाचा पंचनामा इकडून कसा करायचा

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. इस्राईल-इराणचं ते बारा दिवसाचं युद्ध चालू होतं, इकडं पेरणीची घाई, आणि संध्याकाळी पानठेल्यावर लाईट गेलेली. शेजारचे काकाजी मोबाईल वर धरून सगळ्यांना व्हिडिओ दाखवून रायले होते. काळं आभाळ, खालून लाल ठिपक्यांच्या माळा वर चाललेल्या, एक विमान फुटलं, मंग दुसरं फुटलं. आवाज काहीच नाही. काकाजी म्हणे, "पाह्य, कसं पाडलं!" माझा पुतण्या अकरावीत आहे, त्यानं पाच सेकंद पाह्यलं अन् म्हणे, "काकाजी, हा गेम हाये." काकाजी चिडले. "गेम हाये म्हंते! मंग एवढ्या लोकाईनं काय उगाच फॉरवर्ड केलं का बे?"

पोट्टं बरोबर होतं. 'आर्मा ३' नावाचा गेम आहे, त्याचे तुकडे युद्ध कोणतंही असो खरे म्हणून फिरतात, इतके की तो बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीलाच नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगावं लागलं की बाबांनो हे आमच्या गेममधलं आहे. ओळखायचं कसं तेही त्यांनीच सांगितलं. चित्र फाटलेलं असते, कॅमेरा हालत असते, बहुतेक रात्रीचा सीन, आवाज नसते, आणि मुख्य म्हणजे चालतीफिरती माणसं कुठंच दिसत नाहीत, कारण गेममधला माणूस चालायला लागला की खोटेपणा लगेच उघडा पडते.

पण राजेहो, हे तर सोपं काम झालं. गेमवाला व्हिडिओ अकरावीतलं पोट्टं पकडते. अवघड आहे ते झेंड्यासमोर उभं राहून, कागदावरून वाचून, वर्दीतला मोठा माणूस जे सांगते ते तपासणं, कारण त्यात चित्र खरं असते, गाव खरं असते, मेलेली माणसंही खरी असतात, फक्त सांगितलेली कहाणी वेगळी असते. हे लिहायला घेतलं ते त्याच्यासाठी.

मी कोण सांगणारा? मी पंधरा वर्षं एका जिल्हा पेपरचा तालुका वार्ताहर होतो, म्हणजे वर्षभर बातम्या पाठवायच्या अन् दिवाळी अंकाला जाहिराती गोळा करायच्या. आता ऑनलाइन सेंटर आहे, सातबारा, पीकविमा, फार्मर आयडी वगैरे. युद्ध काही पाह्यलं नाही. पण पंचनामे लय पाह्यले. गारपिटीचा पंचनामा देवळाच्या ओट्यावर बसून, वावरात पाय न टाकता झालेला पाह्यला, आणि तोच कागद पुढं वरवर जात मंत्रालयाचा आकडा झालेला पण पाह्यला. दूरच्या युद्धाची सरकारी बातमी आणि ओट्यावरचा पंचनामा हे सख्खे भाऊ आहेत, एकाला ओळखत असाल तर दुसरा परका वाटत नाही. २०१७ ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली तेव्हा वरून पहिले काय आलं, तर शेतकऱ्यांनी हातमोजे-मास्क घातले नव्हते. मेलेल्यावर दोष टाकायला सोपं असते, तो पत्रकार परिषद घेत नाही.

अन् "आपल्याला काय करायचं तिकडचं" असं म्हणणाऱ्यांना चिमूर आठवून द्यायचं. १६ ऑगस्ट १९४२, दुसरं महायुद्ध चालू, आणि चिमूरमध्ये लोक उठले, त्यानंतर सैन्य-पोलीस गावात घुसले, बायांवर अत्याचार झाल्याचे आरोप झाले. सरकार म्हणे असं काही नाही, चौकशी होणार नाही. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी चौकशीसाठी उपोषणाला बसले, ६३ दिवस. सरकारनं काय केलं, तर उपोषणाची बातमीच छापायला बंदी घातली. मंग देशातल्या पेपरवाल्यांनी जानेवारी १९४३ मध्ये एक दिवस पेपरच काढले नाही. म्हणजे ज्या गावाची बातमी दाबली होती ते गाव आपलं होतं, आणि जगातल्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या माणसासाठी आपण 'दूरचा देश' होतो. एवढं ध्यानात राह्यलं की गाझा, खार्किव्ह, सुदान हे शब्द वाचताना डोळे वेगळे होतात.

आता कामाला लागू. पेपर हातात घ्या अन् पहिले बातमी नका वाचू, बातमीच्या सुरुवातीला जे गावाचं नाव असते ते वाचा. 'वॉशिंग्टन, दि. ३० (वृत्तसंस्था)' असं काहीतरी. आता बातमी जर काबूलच्या स्फोटाची असेल आणि गाव वॉशिंग्टन असेल, तर लिहिणारा स्फोटापासून अर्धी पृथ्वी दूर आहे, सरकारी हॉलमध्ये खुर्चीवर बसून, समोरचा सांगते ते उतरवून रायला. म्हणजे खोटंच आहे असं नाही. पण हा ओट्यावरचा पंचनामा आहे, एवढं बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायचं.

काबूलचंच उदाहरण घेतो कारण त्यात सगळी रीत एका जागी दिसते. २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेनं तिथं ड्रोननं एक पांढरी टोयोटा कोरोला उडवली. सैन्य म्हणे गाडीत आयसिसची स्फोटकं होती, पुरावा काय तर आमच्या हल्ल्यानंतर दुसरा मोठा स्फोट झाला. अमेरिकन सैन्याचा सगळ्यात मोठा जनरल म्हणे हल्ला योग्यच होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या लोकांनी काय केलं, त्या घरी गेले अन् भिंती पाह्यल्या. दुसरा मोठा स्फोट झाला असता तर भिंती पडायला पाह्यजे होत्या. भिंती उभ्या. फाटकाला एक पोचा. मंग ज्याची गाडी होती त्याच्या ऑफिसचं सीसीटीव्ही काढलं, तर तो माणूस पाण्याचे डबे भरून गाडीत ठेवताना दिसला. झेमारी अहमदी त्याचं नाव, एका मदत संस्थेत कामाला, घरी पाणी घेऊन चालला होता. १० माणसं मेली, त्यात ७ लेकरं. बातमी १० सप्टेंबरला आली, १७ सप्टेंबरला सैन्यानं चूक कबूल केली.

यातून एक प्रश्न पाठ करून ठेवा, बाकी सगळं विसरलं तरी चालते: सरकार म्हणते ते खरं असतं तर जमिनीवर काय दिसलं असतं? आपल्याकडं बोअरचं बिल निघालं म्हणतात तर हापशी कुठं आहे असं आपण विचारतो ना, तेच. शस्त्रांचा साठा उडवला म्हणता, मंग पुढचे दोन तास धडाधड फुटत राह्यलं का? पुलावर शत्रूचे रणगाडे होते, मंग त्याचा सांगाडा कुठं आहे? व्हिडिओत लेकरांच्या चपला दिसतात अन् निवेदनात 'तळ' लिहिलं आहे, तर चपलांचा खुलासा कुठं आहे?

दुसरी रीत आकड्याची. आकडा एकटा कधी वाचू नका, त्याच्या बाजूला ठेवलेला आकडा वाचा. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममध्ये माय लाय नावाच्या गावात अमेरिकन पलटण गेली. सैन्यानं बातमी दिली की शत्रूचे १२८ लोक मारले आणि ३ बंदुका जप्त केल्या. आता ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. १२८ लढवय्ये, ३ बंदुका? बाकीचे १२५ काय काठ्या घेऊन लढून रायले होते? ही बातमी पेपरात छापून आली होती राजेहो, लोकांनी चहा पिता पिता वाचली असेल. खरं बाहेर यायला वीस महिने लागले. रॉन रायडनआवर नावाच्या सैनिकानं, तो स्वतः तिथं नव्हता पण जे होते त्यांच्याकडून ऐकलं होतं, मार्च १९६९ मध्ये खासदारांना अन् अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. मंग सीमोर हर्श नावाच्या पत्रकाराला कुणकुण लागली, तेव्हा तो कोणत्याच पेपरात नोकरीला नव्हता, तो फोर्ट बेनिंगच्या छावणीत जाऊन बराक-बराक फिरत ज्याच्यावर खटला चालू होता त्या लेफ्टनंट कॅलीला शोधत राह्यला अन् शेवटी गाठलं. मोठ्या मासिकांनी ती बातमी घेतली नाही. एका छोट्या वृत्तसेवेनं नोव्हेंबर १९६९ मध्ये ती पेपरांना विकली. काही दिवसांत सैन्याच्याच फोटोग्राफरनं स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो छापून आले अन् मंग कोणाला नाही म्हणता येईना. गावकऱ्यांच्या हिशोबानं ५०४ मेले, बहुतेक बाया, म्हातारे, लेकरं. अमेरिकन सैन्याचा आकडा ३४७. तोही आकडा सरकारीच, पण १२८ पासून तिथपर्यंत यायला लावलं एका फिरत्या माणसानं.

तर आकडा आला की बाजूला काय आहे ते शोधा, जखमी किती, शस्त्रं किती, आपली माणसं किती मेली. शंभर मेले आणि जखमी एकही नाही असं लढाईत होत नाही. गावच्या भांडणातसुद्धा होत नाही.

तिसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. मोठ्या साहेबाचं म्हणणं कमी ऐका. आपल्याकडं खरं काय चाललं ते तहसीलदार सांगत नाही, कोतवाल सांगते, हे कोणाला सांगायची गरज नाही. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रात इराककडं घातक रासायनिक-जैविक शस्त्रं आहेत म्हणून भाषण दिलं, जगभर लाईव्ह, आणि मोठमोठ्या पेपरांनी ते गिळलं. नाइट रिडर नावाची पेपरांची चेन होती, तिच्या जोनाथन लँडे आणि वॉरेन स्ट्रोबेल या दोघांना मोठ्या साहेबांच्या चहापार्टीची आमंत्रणं कमी यायची म्हणून की काय, ते खालच्या-मधल्या अधिकाऱ्यांना विचारत बसले. ते लोक म्हणत होते की पुरावा कच्चा आहे. या दोघांनी तसं लिहिलं. पण त्यांच्याच चेनचे काही पेपर ते छापत नव्हते! पुढं शस्त्रसाठा निघालाच नाही, आणि न्यूयॉर्क टाइम्सला मे २००४ मध्ये वाचकांसमोर मान्य करावं लागलं की आमच्या काही बातम्या नीट पारखलेल्या नव्हत्या. हो, तोच टाइम्स ज्यानं पुढं काबूलचं काम चांगलं केलं. पेपराच्या नावावर विश्वास टाकू नका, त्या एका बातमीत कोणाला विचारलं आहे ते पाहा.

अन् आता मला सगळ्यात आवडणारा प्रकार, कारण तो थेट आमच्या सेंटरच्या कामाशी जुळते.

रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घुसवल्यावर ४ मार्च २०२२ ला कायदा केला, सैन्याबद्दल सरकारला खोटी वाटेल अशी माहिती पसरवली तर १५ वर्षांपर्यंत जेल. 'युद्ध' म्हणायचं नाही, 'विशेष लष्करी कारवाई' म्हणायचं. आपले किती सैनिक मेले ते सांगायचं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ५,९३७ असा आकडा सांगितला. आता पत्रकारांच्या हातात ना कागद ना परवानगी, मंग मोजायचं कसं? मीडियाझोना नावाचे स्वतंत्र पत्रकार आणि बीबीसीची रशियन सेवा यांनी गावोगावच्या श्रद्धांजलीच्या पोस्ट गोळा केल्या. शाळेनं टाकलेला 'आमचा माजी विद्यार्थी' असा फोटो, ग्रामपंचायतीसारख्या ऑफिसची शोकसभा, बायकोची पोस्ट, स्मशानातल्या नव्या कबरी मोजणारे स्वयंसेवक. एकेक नाव पक्कं करून यादीत टाकलं. ही नावं आता एक लाखाच्या वर गेली आहेत, आणि ही फक्त सापडलेली नावं आहेत.

पण त्याच्याही पुढं. २०२३ च्या जुलैमध्ये मीडियाझोना आणि मेदुझा नावाच्या रशियन बातम्यांच्या साईटनं वारसाच्या नोंदी काढल्या. माणूस मेला की घर, गाडी, बँकेतले पैसे कोणाच्या तरी नावावर करावेच लागतात, सरकार मरण लपवू शकते पण वारस नोंद लपवली तर बायकापोरं ऑफिसात येऊन बसतात. त्यांनी पाह्यलं की तरण्या पुरुषांच्या वारस नोंदी युद्धाच्या आधीपेक्षा किती वाढल्या, आणि त्यावरून मे २०२३ पर्यंत जवळपास ४७,००० रशियन सैनिक मेल्याचा अंदाज काढला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सेंटरमध्ये बसूनच उठून उभा राह्यलो. कारण माझ्या काउंटरवर तेच तर येते. शेतकरी आत्महत्या सरकारी यादीत 'अपात्र' ठरते, एक लाख रुपये मिळत नाहीत, कागदावर ती आत्महत्या शेतीपायी नाहीच, पण सहा महिन्यांनी त्याची बायको सातबाऱ्यावर वारस लावायला येतेच ना. पदराला तोंड पुसत विचारते, "भाऊ, याईचं नाव कमी करून माह्यं लावा लागते म्हंतात." यादीत नसलेला माणूस फेरफारात असते.

म्हणून कोणत्याही युद्धात मृतांचा आकडा लपवला असं वाटलं की विचार करा, मरणाचा धागा अजून कुठं कुठं लागते: दवाखाना, स्मशान, पेन्शन, वारस, शाळेच्या भिंतीवरचा फोटो. आपण इथून रशियातल्या नोंदी काढू शकत नाही हे खरं आहे. पण बातमी वाचताना त्या पत्रकारानं कोणता धागा पकडला ते तपासू शकतो. धागाच नसेल, नुसतं 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितलं' असेल, तर वजन कमी करा.

व्हिडिओची तपासणी शिकायची असेल तर युद्धापासून सुरुवात नका करू, आपल्या गावापासून करा. एखाद्या रविवारी गावच्या वेशीचा फोटो काढा, गुगल अर्थ उघडा, आणि त्या फोटोतली पाण्याची टाकी, देऊळ, निंबाचं झाड, वळण हे वरून कसं दिसते ते जुळवा. मी आणि पुतण्यानं केलं तर आम्हाला आमचंच गाव ओळखायला वीस मिनिटं लागली, कारण आपण गाव कधी वरून पाह्यलेलंच नसते. कम्प्युटरवर गुगल अर्थमध्ये जुन्या सालची चित्रंही पाहता येतात, आमच्या धुऱ्यावरची बाभूळ कोणत्या साली तुटली ते सापडलं अन् त्याच्यावरून घरात एक जुना वाद पुन्हा निघाला, ते जाऊ द्या. मंग सावली शिका. सकाळी सावली पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला एवढं तर वावरात जाणाऱ्याला माहीतच असते, 'सनकॅल्क' नावाच्या साईटवर जागा अन् तारीख टाकली की सावली कोणत्या वेळी कुठं पडेल ते दिसते. कोणी म्हणते हल्ला सकाळी झाला, अन् व्हिडिओत सावली संध्याकाळची, तर मामला काहीतरी गडबडीचा आहे.

व्हिडिओ जुना आहे का ते पाह्यला तीन-चार जागी थांबवून स्क्रीनशॉट काढा अन् गुगल लेन्समध्ये टाका, रशिया-युक्रेनकडचा असेल तर यांडेक्सवर जास्त सापडते. एकाच स्क्रीनशॉटवर थांबू नका. नकली माल विकणारे लोक व्हिडिओ उलटा करतात, डावं उजवं, मंग सापडत नाही, म्हणून पाटीवरची अक्षरं सुलटी आहेत का ते पहिले पाहा. पाटी वाचता येत नसेल तर लेन्सच ट्रान्सलेट करून देते.

आगीसाठी एक फुकट साईट आहे, नासाची फर्म्स. उपग्रहाला जमिनीवर जिथं जास्त गर्मी दिसते तिथं नकाशावर लाल ठिपका, साधारण तीन तासात. मेळघाट-गडचिरोलीकडच्या लोकांना हे नवीन नाही, मोहफुलाच्या दिवसात जंगलाला आग लागली की वनखात्याला अलर्ट अशाच उपग्रहांवरून येतात. त्याच साईटवर नकाशा सरकवून सुदानवर न्या, युक्रेनवर न्या. दोन्ही बाजू म्हणतात गाव शांत आहे अन् नकाशावर चार रात्री लाल ठिपके, तर काहीतरी जळून रायलं. पण ठिपका पाहून गाव जाळलं असं लगेच लिहू नका, पऱ्हाट्या जाळल्या तरी ठिपका येते. त्याच्यासोबत दुसरं काहीतरी लागते.

कधी कधी एक फोन सगळं उलटं करते. २३ मार्च २०२५ ला गाझात राफाकडं १५ मदत कर्मचारी मारले गेले, वाळूत पुरलेले सापडले. इस्राईलचं सैन्य म्हणे गाड्या संशयास्पद येत होत्या, लाईट बंद होते. मंग मेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये व्हिडिओ निघाला. अँब्युलन्सचे लाल दिवे चालू. सैन्याला म्हणणं बदलावं लागलं. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, गाझात परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे जाऊच दिलं नाही, म्हणून जे काही बाहेर आलं ते तिथल्याच पत्रकारांनी अन् अशा फोनांनी आणलं, आणि तिथले पत्रकार मोठ्या संख्येनं मेले. जिथं पत्रकारांना बंदी आहे तिथल्या सरकारी म्हणण्याला मी आपोआप निम्मे मार्क देतो, मग सरकार कोणतंही असो. ज्याच्या वावरात काही लपवलेलं नाही तो कुंपणाशी उभा राहून काठी दाखवत नाही.

एक वही करा. खरंच करा, मोबाईलमध्ये नाही, कागदाची, कारण मोबाईलमधलं आपण परत पाहत नाही. डाव्या पानावर तारीख अन् कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दात, उजवं पान कोरं. आठ-दहा दिवसांनी उजव्या पानावर त्याच घटनेबद्दल आता काय म्हणतात ते लिहा. 'लाईट बंद होते' चं 'चुकीची माहिती होती' झालेलं दिसते. 'स्फोटकं होती' चं 'दुर्दैवी चूक' झालेलं दिसते. माझ्या वहीत सगळ्याच देशांचं असं झालेलं आहे, आपल्या आवडत्या देशांचंसुद्धा, अन् मे २०२५ मध्ये आपल्याच चॅनलांनी कराची बंदर एका रात्रीत उद्ध्वस्त केलं होतं त्याचंही एक पान आहे. त्या रात्री आमच्या आळीतल्या पोरांनी फटाके फोडले.

आता 'स्वतंत्र पत्रकार' या शब्दाबद्दल, कारण यूट्यूबवर प्रत्येकजण स्वतःला स्वतंत्रच म्हणते. सरकारच्या उलटं बोलला म्हणजे खरा, असं समजू नका. ज्या हर्शनं माय लाय काढलं त्याच हर्शनं फेब्रुवारी २०२३ मध्ये लिहिलं की समुद्राखालची नॉर्ड स्ट्रीम गॅस पाइपलाइन अमेरिकेनं उडवली, आणि ते सगळं एका निनावी माणसाच्या भरवशावर. पुढं जर्मन तपास युक्रेनी संशयितांकडं गेला. माणूस तोच, पण माय लायच्या वेळी त्याच्यामागं सैनिक नावानिशी बोलत होते, मागून फोटो आले. नाव बघून नाही, त्या बातमीमागं किती जण नावानिशी उभे आहेत ते पाहून मार्क द्या.

आणि ज्याच्यावर अन्याय होते त्याचं सरकारही सरकारच असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाच्या अल-अहली हॉस्पिटलमध्ये स्फोट झाला तेव्हा पहिल्या तासात 'हा इस्राईलचा हल्ला' हे हमासकडच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं मोठ्या पेपरांनी हेडलाइनमध्ये टाकलं, सहा दिवसांनी टाइम्सला छापून सांगावं लागलं की आम्ही त्या दाव्यावर जास्तच भरवसा ठेवला. पहिला तास कोणाचाच नसते. मी तर नियमच केला आहे, रात्री आलेलं सकाळी पाहायचं. सकाळपर्यंत अर्धं आपोआप मेलेलं असते.

वाचायला काय वाचावं असं पोट्टे विचारतात. रशियाबद्दल मेदुझाचं इंग्रजी पान, ते रशियातून हाकलल्यासारखेच झाले अन् लाटव्हियातून चालवतात. इस्राईलबद्दल तिथलेच हारेत्झ आणि +९७२ मासिक, स्वतःच्या सरकारला प्रश्न विचारणारे. सुदानसाठी रेडिओ दबंगा, ज्या युद्धाचे आपल्या ग्रुपवर व्हिडिओ येतच नाहीत त्या युद्धासाठी. फोटो-व्हिडिओ तपासायची रीत पाहायची असेल तर बेलिंगकॅट, यांनी २०१४ ला युक्रेनवर पाडलेल्या एमएच १७ विमानाचं, २९८ माणसं होती त्यात, क्षेपणास्त्र कोणत्या रस्त्यानं आलं ते लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून जुळवलं. इंग्रजी जड जात असेल तर क्रोममध्ये पान मराठीत करता येते. भाषांतर कधी कधी हसायला लावते, 'टँक'चं पाण्याची टाकी करते, पण मतलब कळते.

पहिल्याच दिवशी ग्रुपवर जाऊन सगळ्यांच्या चुका काढू नका. काकाजीसोबत मी तीच चूक केली, चारचौघात पुतण्याची बाजू घेतली, ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाही अन् सातबारा दुसऱ्या सेंटरवरून काढला. मोठ्या माणसाला एकट्यात सांगावं, अन् सांगण्याऐवजी सोबत बसून शोधावं. "काकाजी, हे कुठलं हाये पाहू बरं" म्हटलं की ते स्वतःच लेन्स लावतात.

आणि आपलं चुकलं तर? माझं चुकलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'कीव्हचं भूत' म्हणून एक युक्रेनी पायलट एकट्यानं सहा रशियन विमानं पाडते असा व्हिडिओ आला होता, मी गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'याला म्हणतात वाघ'. तो व्हिडिओ पण गेमचाच होता, 'डीसीएस' नावाच्या. अन् एप्रिल संपता संपता युक्रेनच्या हवाई दलानंच सांगितलं की असा कोणी एक पायलट नाही, ती लोकांनी बनवलेली दंतकथा आहे. मी लढणाऱ्या छोट्या देशाच्या बाजूचा होतो म्हणून तपासलंच नाही. जिथं मन आधीच एका बाजूला असते तिथंच हात लवकर फॉरवर्डवर जाते, हे वहीत लाल पेननं लिहिलं आहे.

दुरुस्ती कशी टाकायची: जिथं चूक टाकली त्याच ग्रुपवर, जुना मेसेज डिलीट न करता त्यालाच रिप्लाय करून, बहाणे न सांगता दोन ओळी. मी लिहिलं, 'हा व्हिडिओ गेमचा आहे, मी न तपासता टाकला, चूक माझी.' एकशेचाळीस जणांचा ग्रुप, सगळ्यांनी वाचलं, निळ्या टिका आल्या. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. मंग एका मामाजीचा मेसेज आला, "ते सोड, आज आर्णीत कापूस काय भाव गेला?"